उघडायला सोपी, सुटायला अवघड

आपल्या मराठीत गळावर बरंच बोललं जातं. कुणी गळ टाकून बसतो, कुणी गळाला लागतो, कुणाला आमिष दाखवलं जातं. पण दोरीचं टोक आणि आमिषाचं नाक यांना जोडणारा जो इवलासा तारेचा तुकडा असतो, त्याच्यावर ना म्हण आहे, ना वाक्प्रचार. दुकानात त्याला क्लिप म्हणतात, कुणी स्नॅप म्हणतं. किंमत म्हणाल तर एका कपभर चहाहून कमी. पण मासा आपल्या हाती येणार, की तोंडात लोखंड घेऊन पाण्यात परत जाणार, हे पुष्कळदा हा तुकडाच ठरवतो. आज थोडं त्याच्याविषयी.

छत्रपती संभाजीनगरहून तासाभरात आपण पैठणला पोहोचतो. तिथं जायकवाडीचं धरण. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि मागं पसरलेला नाथसागर. या पाण्यावर भोई बांधवांचं पोट आहे. त्यांचं साधन जाळं. आमच्यासारखे हौशी लोक मात्र काठी आणि रीळ घेऊन काठावर उभे राहतात. पूर्वी आमिष म्हणजे गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी. आता तरुण मुलांच्या डब्यात लाकडाचे, प्लॅस्टिकचे, रबराचे मासे आणि बेडूक असतात. त्यांना लूर म्हणतात. फिनलंडच्या लॉरी रापाला नावाच्या एका गरीब मच्छीमारानं १९३६ साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चकचकीत कागद गुंडाळला, आणि जखमी मासोळीसारखा डुलत जाणारा लूर तयार केला. त्याची नातवंडं-पतवंडं शोभावीत असे लूर आज आपल्या बाजारात मिळतात.

आता प्रश्न असा, की एकच लूर दिवसभर का चालत नाही? कारण पाणी दिवसभर एकसारखं नसतं. पहाटे मरळ काठाच्या गवतात असते. ती हवेतला श्वास घेणारी जात, अधूनमधून वर येते. तेव्हा पाण्यावर उड्या मारणारा रबरी बेडूक कामाचा. ऊन चढलं की मासा खाली उतरतो. तेव्हा पुढं ओठ असलेला, ओढला की बुडी मारणारा लूर हवा. ओठ जितका लांब, तितकी बुडी खोल. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी गढूळ झालं, की खुळखुळणारा, भडक रंगाचा लूर लावायचा. हिवाळ्यात पाणी निवळलं, की साधा, चंदेरी. म्हणजे सकाळच्या तीन तासांत पाच-सात वेळा तरी बदलाबदली आलीच.

दर वेळी गाठ सोडून नवी बांधायची म्हटलं तर काय होतं? तंगूस कापावा लागतो. एका गाठीत वीतभर तरी जातो. सहा वेळा बदललं, की मीटरभर तंगूस संपला. ते कापलेले तुकडे खिशात ठेवले तर ठीक, काठावर टाकले तर शेकडो वर्षं कुजत नाहीत. जायकवाडी हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं रोहित येतात, पट्टकदंब हंस येतात. पायात नायलॉन अडकलेला पक्षी ज्यानं एकदा पाहिला, तो पुन्हा तुकडा टाकणार नाही.

दुसरी अडचण वयाची. पन्नाशी ओलांडल्यावर पहाटेच्या अंधुक उजेडात लूरच्या नाकातलं भोक दिसत नाही. चष्मा कपाळावर, तंगूस दातात, आणि मासा समोर उड्या मारतोय! अशा वेळी क्लिप म्हणजे मोठाच आधार. एकदा नीट गाठ बांधून क्लिप लावली, की पुढं नुसतं उघडायचं, लूर काढायचा, दुसरा अडकवायचा. नजर अधू झाली म्हणून काठी माळ्यावर टाकायची गरज उरत नाही.

गझल लिहिणाऱ्याला ही व्यवस्था चटकन समजते. रदीफ तोच राहतो, काफिया दर शेरात बदलतो. दोरी हा आमचा रदीफ, लूर हा काफिया. मात्र दोघांमधला सांधा निसटला, तर शेर पडतो. तसंच इथं.

या क्लिपचं मूळ रूप तुमच्या घरात आहे. आमच्या अम्मीच्या बांगडीला कायम दोन-चार सेफ्टी पिना लटकलेल्या असत. अमेरिकेतल्या वॉल्टर हंट यांनी १८४९ साली या पिनेचं पेटंट घेतलं आणि ते चारशे डॉलरला विकून टाकलं. मासेमारीची साधी क्लिप ही त्या पिनेचीच बहीण. तार वाकवायची, आणि तिचं टोक पत्र्याच्या छोट्या टोपीखाली दाबायचं. कापडाला हे पुरतं. पण जोर करणारा मासा असला, की तार ताणली जाते, पत्रा फाकतो आणि टोक बाहेर येतं. स्वस्त पाकिटांत बहुधा हीच क्लिप असते. चिलापीसारख्या लहान माशाला चालेल, मरळेसाठी ती घेऊ नये.

दुसऱ्या प्रकारात तारेचं टोक पत्र्याखाली नुसतं दबत नाही, तर आकडीसारखं वळून तारेलाच अडकतं. ओढ बसली की आकडी आणखी घट्ट होते. तिसरा प्रकार संपूर्ण एकाच तारेचा, पत्रा अजिबात नाही. तारेची दोन्ही टोकं तारेवरच अडकतात. तळाचा वाक गोल आणि मोकळा असतो, म्हणून लूर छान डुलतो. चौथ्या प्रकारात कुलूपच नाही. तार पिळदार असते. किल्ली जशी कडीत सरकवतो, तसा लूर त्या पिळात फिरवत घालायचा. उघडायला काही नाही, म्हणून उघडून सुटायलाही काही नाही. थंडीनं बोटं आखडली तरी जमतं. एकच अट, लूरच्या नाकाचं भोक पुरेसं मोठं हवं.

श्रोतेहो, निवडीचं सूत्र यातच आहे. माणसाच्या बोटांना उघडायला सोपी, माशाच्या ओढीला सुटायला अवघड. या दोन्ही गोष्टी एकाच तारेकडून हव्यात, म्हणून निवड जरा जपून करायची.

शहागंजच्या बाजूला एका जुन्या दुकानदाराकडे मी एकदा क्लिपचे नंबर वाचत उभा होतो. तो म्हणाला, ‘‘चचा, नंबर क्या देखते? तार की जान देखो!’’ त्याचं खरं होतं. या नंबरांना सगळ्या कंपन्यांत मिळून एक माप नाही. एकाची दोन नंबरची क्लिप दुसऱ्याच्या एक नंबराएवढी निघते. भिंगरीसारखी फिरणारी जी कडी असते, स्विव्हल, तिच्यात बहुधा नंबर वाढला की माल बारीक होतो. क्लिपमध्ये बऱ्याचदा उलटं. म्हणून पाकिटावर ताकद किलोत किंवा पौंडात लिहिलेली असते, ती पाहावी. तुमचा तंगूस वीस पौंडांचा, म्हणजे साधारण नऊ किलोंचा असेल, तर क्लिप त्याहून वरची हवी, बारा-पंधरा किलोंची. रीळाचा ब्रेक मात्र तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवायचा, म्हणजे अडीच-तीन किलोंवर. मग मासा ओढेल तेव्हा दोरी सुटत जाईल, क्लिपवर सगळा भार येणार नाही.

पाकिटावर विश्वास नसेल तर घरी तपासता येतं. क्लिप मजबूत दोरानं खिडकीच्या गजाला बांधा. तिच्यात किल्लीची कडी अडकवा आणि कडीला बादली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तांब्या तांब्यानं पाणी ओतत जा. दहा लिटरला क्लिपचा आकार बदलला का, आकडी सरकली का, ते बघा. तोंड मात्र लांब ठेवा, तार सुटली तर डोळ्याकडेच येते. ही परीक्षा पास झालेली क्लिपसुद्धा कायमची नसते. दर माशानंतर, आणि गळ कुठं अडकून जोरानं ओढावा लागला असेल तर लगेच, तिच्याकडे नजर टाकायची. पुन्हा पुन्हा उघडून तारेतली स्प्रिंग मरते. बोटाला सैल लागली की ती गेली असं समजावं. कोकणात खाडीवर जिताड्याच्या मागं जाणाऱ्यांनी तर स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुवावी. मीठ आतून तार खातं.

मग सगळीकडे मोठी आणि जाड क्लिपच लावावी का? नाही. पाच-सात ग्रॅमच्या तरंगत्या लूरला जाड क्लिप लावली, की त्याचं नाक खाली जातं, डुलणं बिघडतं, आणि माशाला ते कळतं. लूर जेवढा लहान, तेवढी क्लिप हलकी. शिवाय सगळ्या लूरना क्लिप नकोच असते. गवतातून, बेशरमाच्या झुडपांतून ओढायचा बेडूक थेट गाठीनं बांधावा. क्लिपच्या कोपऱ्यात गवत अडकतं आणि बेडकाची गवताची पेंढी होते. तळाशी टेकवत न्यायचं रबरी आमिषही थेट गाठीनंच चांगलं. उलट गरगर फिरणारं पातं किंवा चमचा लावला, तर नुसती क्लिप पुरत नाही. दोरीला पीळ पडतो आणि रीळावर गुंता होतो. तिथं स्विव्हल जोडलेली क्लिप हवी. डुलत बुडी मारणाऱ्या लूरला मात्र स्विव्हलची गरज नसते, गोल वाकाची साधी क्लिप पुरे.

आता जरा माशाच्या बाजूनं. आपल्या दृष्टीनं क्लिप उघडली म्हणजे दोन-तीनशे रुपयांचा लूर गेला. हळहळ वाटते, आपण डब्यातून दुसरा काढतो. मरळेच्या दृष्टीनं मात्र तिच्या जबड्यात तीन तोंडांचे दोन गळ राहिले, आणि त्यांना जोडलेला एक प्लॅस्टिकचा मासा. तोंड नीट मिटत नाही, भक्ष्य धरता येत नाही. मरळ पावसाळ्यात घरटं करते, पिलांचा लालसर थवा राखत फिरते. अशा वेळी ती लूरवर तुटून पडते ती भुकेनं नव्हे, पिलांसाठी. तिथं गळ टाकूच नये, असं मी तरुणांना सांगतो. टाकलाच, आणि क्लिप उघडली, तर त्या थव्याचा राखणदार गेला. मासा खाण्यासाठी धरणं वेगळं आणि त्याला असं अर्धवट सोडणं वेगळं. पहिल्यात निदान हिशेब पुरा होतो.

म्हणून एक सोपा उपाय. प्रत्येक गळाच्या टोकामागं जो उलटा काटा असतो, तो पकडीनं दाबून सपाट करावा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा बहुधा सुटत नाही. आणि क्लिपनं दगा दिलाच, तर दोन झटक्यांत त्याला लूर झटकता येतो. मासा परत सोडायचा असेल, तर आपलंही काम हलकं होतं.

नाथसागरात आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या तळाशी गावं आहेत. लोक उठून गेले, भिंती आणि बाभळीची खोडं राहिली. खोल जाणारा लूर अधूनमधून तिथं अडकतो. कुणाच्या तरी अंगणाचा दगड असेल, कुणाच्या उंबऱ्याचा असेल. अशा वेळी काठी वाकवून झटके देऊ नयेत. त्यात क्लिप वाकते, आणि ते लक्षात येतं पुढच्या माशाला. दोरी सैल सोडून, बाजू बदलून, हळू ओढून पाहावं. नाहीच निघालं तर तुटू द्यावं. त्यासाठी टोकाचा हातभर तंगूस मुख्य दोरीपेक्षा थोडा कमजोर ठेवावा, म्हणजे तुटेल ते लूरजवळ तुटेल, पन्नास फूट दोरी पाण्यात राहणार नाही.

जाण्याआधी एवढंच पाहा. नाथसागर अभयारण्य आहे, आणि आपल्याकडच्या जलाशयांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तेव्हा वन खात्याकडे आणि संस्थेकडे विचारूनच जागा ठरवावी. कुणाच्या जाळ्याजवळ लूर फेकू नये. आपल्या हौसेपायी त्यांचं जाळं फाटलं, तर त्यांचा दिवस जातो.

डब्यात लूर वीस असोत की दोन, क्लिपा चांगल्या चार ठेवा. त्यांतली एक कमी वाटली, शंका आली, तर ती घरी नेऊन टाकून द्या. शंकेची क्लिप पाण्यात न्यायची नसते. आणि लूर बदलायला आता अर्धं मिनिट लागतं म्हणून दर दोन फेकींनंतर बदलत बसू नका. एक लूर वीस वेळा तरी टाकून पाहा, वेगवेगळ्या वेगानं ओढून पाहा. क्लिपनं वाचवलेला वेळ पाण्याकडे बघण्यात घालवावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)