पोटुशी बाई दुखतें म्हणाली तर ऐका

(नेरे, तालुका मुळशी, येथें गांवकरी स्त्रीपुरुषांपुढें शाळेच्या मास्तरांनीं केलेलें भाषण)



गाय व्यायला झाली म्हणजे आपण रात्रींतून दोनदां उठून गोठ्यांत डोकावतों. घरांतली सून मात्र "डोकें फार ठणकतंय" म्हणाली, तर "आम्हांला काय पोरं झालीं नाहींत?" म्हणून तिला गप्प बसवितों. हें आम्हांस बरें दिसत नाहीं.

संध्याकाळीं पाय सुजणें बऱ्याच जणींस होतें. पण पांचव्या महिन्यानंतर तोंड व हात सुजले, डोकें राहीना, डोळ्यांपुढें काजवे चमकूं लागले किंवा बरगड्यांखालीं दुखूं लागलें, तर रक्तदाब वाढल्याचा संशय घ्यावा व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. कधीं कधीं सूज नसतांहि तो वाढतो, म्हणून दर खेपेस मोजून घ्यावा. १४० वर ९० किंवा अधिक आंकडा म्हणजे डॉक्टरचें काम. तिकडे डोळेझाक केली तर बाईला झटके येऊं शकतात. मग आपल्याकडे काय चालतें? अंगांत आलें म्हणून लिंबू उतरतात, कांदा हुंगवितात, भगताकडे माणूस धांवतो! मंडळी, अशा वेळीं तिला डाव्या कुशीवर वळवावें, तोंडांत कांहींएक घालूं नये आणि गाडी बोलवावी. दवाखान्यांत मॅग्नेशियम सल्फेटचें इंजेक्शन देतात, त्यानें झटके आवरतात. भगताच्या झोळींत तें नाहीं.

अंगावरून रक्त गेलें, मग तें थोडें असो कीं फार, दुखो कीं न दुखो, तर दाखविलेंच पाहिजे. कळांआधीं पाणी गेलें, ताप भरला, बसल्या जागीं दम लागला, किंवा मूल रोजच्यासारखें हालेना, तर "उद्यां पाहूं" म्हणूं नये. मूल हालतें कीं नाहीं हें आईलाच कळतें. सासऱ्यास कळत नाहीं, आम्हां मास्तरांसहि नाहीं. बाळंत झाल्यावर रक्त थांबेना, तर घटकाभरहि घरीं राहूं नये.

१८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढिलें. अडलेल्या विधवेनें तेथें गुप्तपणें यावें, सुखरूप बाळंत व्हावें. कोणाची परवानगी आणावी लागत नसे. आपली सून मात्र आजहि घरधनी शेतावरून येईपर्यंत कण्हत बसते.

पैशाचें म्हणाल, तर २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांत सरकारी दवाखान्यांतलें बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषध, रक्त व नेण्याआणण्याची गाडी फुकट आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर बायांची मोफत तपासणी ठरलेली आहे. पौडास ग्रामीण रुग्णालय, औंधास जिल्हा रुग्णालय. हिंजवडीकडची मोटारींची कोंडी तुम्ही रोज पाहतां; म्हणून निघायचें तें लौकर. सुनेनें स्वतः गाडी बोलवावी, सासूनें बरोबर निघावें.

गाडीसाठीं १०२ किंवा १०८ फिरवावा. हे दोन आंकडे आज घरीं गेल्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. खडू आम्ही आणिले आहेत, जातांना घेऊन जा.