पेशीविज्ञान, प्रकाशन आणि ज्ञानाचे स्वावलंबन

(घाटनांदूर, ता. अंबाजोगाई येथे विद्यार्थी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



पेशीविज्ञान आणि संशोधनाचे प्रकाशन हा विषय घाटनांदूरला कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. हा विषय पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत शोभावा, बालाघाटाच्या माथ्यावरील रेल्वेस्थानकाच्या गावी त्याचे काय काम, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मला हा विषय येथेच मांडणे अधिक उचित वाटते.

येथून जवळच अंबाजोगाई आहे. तेथे आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरेनुसार शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ साली, त्यांनी 'विवेकसिंधु' सिद्ध केला आणि वेदान्तासारखा विषय मराठीत आणला. त्याच अंबाजोगाईत सोळाव्या शतकात दासोपंत झाले. पंचीकरणासारखा गहन विषय त्यांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहून काढला. ती पासोडी आजही लोक आदराने पाहतात. ज्याला जे गवसले, ते त्याने समाजापुढे उलगडून ठेवावे, ही आपल्या भूमीची रीत आहे. आधुनिक भाषेत यालाच आपण प्रकाशन म्हणतो. शोध लावणे हे अर्धे काम आहे. तो शोध सर्वांना तपासता येईल अशा रीतीने मांडणे, हे उरलेले अर्धे.

आता सीताफळाकडे वळतो. आपल्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपण त्याचा गर खातो आणि बिया फेकून देतो. परंतु याच सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशी आणि त्यांतील गुणसूत्रे यांचा अभ्यास करून पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एका मराठी स्त्रीने एम.एस्सी. केले. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे.

कमलताई माहेरच्या समर्थ. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि तिचा विवाह डॉक्टरशीच व्हावा, ही त्यांची इच्छा होती. कमलताईंनी वेगळा मार्ग निवडला. १९३९ मध्ये त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला. पेशीशास्त्र हा पतीचा विषय नव्हता, तरी त्यांनी पत्नीच्या अभ्यासाला मनापासून साहाय्य केले. संशोधनाला पाठबळ म्हणजे केवळ सरकारी अनुदान नव्हे. घरातील माणसाने 'तू अभ्यास कर, बाकीचे मी पाहतो' असे म्हणणे, हेही पाठबळच आहे. येथे बसलेल्या पालकांनी हे लक्षात ठेवावे.

मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळविली. खानोलकर हे भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. त्यांच्याच सल्ल्याने कमलताई अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचपात्रात अखंड वाढणाऱ्या मानवी पेशींचा पहिला वंश, 'हेला' पेशी, १९५१ साली याच प्रयोगशाळेत सिद्ध झाला होता. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून, तिची अनुमती न घेता काढलेल्या होत्या. पुढे त्या पेशींवर जगभर मोठा व्यापार उभा राहिला, आणि तिच्या कुटुंबाला मात्र दशकानुदशके काहीच मिळाले नाही. पाश्चात्त्य विज्ञानाचे सामर्थ्य आणि त्याची उणीव, दोन्ही या एका घटनेत दिसतात. सामर्थ्य आत्मसात करावे आणि उणीव ओळखावी, हा विवेक आपल्याला हवा.

कमलताईंना परदेशात राहता आले असते. त्या परतल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या संबंधावर त्यांनी मूलभूत काम केले, कुष्ठरोगाच्या जंतूंवर संशोधन केले, दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध केले. परदेशातील अनेक भारतीय शास्त्रज्ञांना त्यांनी मायदेशी परतण्याची प्रेरणा दिली. १९७३ साली त्यांनी भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आणि निवृत्तीनंतर, १९८९ साली, त्या अकोले तालुक्यातील राजूर येथे वनवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास करण्यासाठी गेल्या. सूक्ष्मदर्शकाखालील पेशीपासून सह्याद्रीतील बालकापर्यंतचा हा प्रवास म्हणजे विज्ञानाला राष्ट्रकार्य मानणाऱ्या एका जीवनाचा आलेख आहे.

मित्रहो, व्यक्ती कितीही थोर असली तरी व्यवस्था नसेल तर काम टिकत नाही. पेशींवरील संशोधन हे फार खर्चाचे काम. पेशी जिवंत ठेवण्यासाठी पोषकद्रव हवा, निर्जंतुक दालन हवे, ठरावीक तापमान हवे. त्या दीर्घकाळ साठवायच्या तर उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप नायट्रोजन हवा. प्रत्येक विद्यापीठाने हे सारे स्वतंत्रपणे उभारणे अशक्यच. म्हणून १९८६ साली पुण्यात केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने प्राण्यांच्या ऊती व पेशी यांच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा निर्माण केली. आज ती राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र म्हणून पुणे विद्यापीठाच्या परिसरात कार्यरत आहे. तेथील पेशीभांडारातून देशभरच्या प्रयोगशाळांना प्रमाणित पेशी पुरविल्या जातात. आपल्याकडे बियाण्याची जी बँक असते, तशीच ही पेशींची बँक समजा. बियाणे परक्याच्या हाती गेले की शेतकरी परावलंबी होतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. संशोधनातही तेच आहे.

आता प्रकाशनाकडे येऊ. शास्त्रज्ञ जनतेच्या पैशातून संशोधन करतो. निबंध लिहितो, त्याचे त्याला मानधन नसते. तो निबंध तपासणारे अन्य शास्त्रज्ञही बहुधा विनामूल्य तपासतात. मग परदेशी प्रकाशक तो छापतो आणि त्याच शास्त्रज्ञाच्या ग्रंथालयाला भरमसाट वर्गणी घेऊन विकतो! गाय आपली, चारा आपला, दूध काढणारे आपणच, आणि विकत घेणारेही आपणच. याला उपाय म्हणून वाचकाला विनामूल्य असणारी नियतकालिके निघाली. पण त्यांतील पुष्कळांनी वाचकाऐवजी लेखकाकडून शुल्क घ्यावयास आरंभ केला. 'नेचर' या विख्यात नियतकालिकाने २०२१ पासून आपला निबंध सर्वांना खुला ठेवू इच्छिणाऱ्या लेखकासाठी ९,५०० युरो शुल्क ठरविले. मराठवाड्यातील कोणता प्राध्यापक हे भरू शकेल? पूर्वी वाचनाच्या दारावर कुलूप होते, आता ते लेखनाच्या दारावर आले.

परंतु सारेच पाश्चात्त्य प्रकाशक एका मापाने मोजणे न्याय्य ठरणार नाही. १९२५ साली इंग्लंडमध्ये प्रायोगिक जीवशास्त्राचे एक नियतकालिक बंद पडण्याच्या बेतात होते. जॉर्ज पार्कर बिडर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने स्वतःचा पैसा घालून ते वाचविले आणि त्यासाठी 'द कंपनी ऑफ बायॉलॉजिस्ट्स' ही संस्था स्थापन केली. पेशीविज्ञानाचे 'जर्नल ऑफ सेल सायन्स' हे नियतकालिकही तीच संस्था चालविते. ही संस्था धर्मादाय आहे. नियतकालिकांतून जे उरते ते तरुण संशोधकांच्या प्रवासवृत्ती, परिषदा आणि कार्यशाळा यांवर खर्च होते. २०२५ साली तिला शंभर वर्षे पूर्ण झाली. एका सज्जनाने वेळेवर उघडलेली थैली शतकभर पुरली. आपल्या विद्यादानाच्या कल्पनेपासून हे फार दूर आहे काय? पुण्यात १९४६ साली प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी केली, ती याच वृत्तीने. बंगळुरूहून १९३२ पासून निघणारे 'करंट सायन्स', पुण्याहून १९२८ मध्ये सुरू झालेले 'सृष्टिज्ञान', मुंबईची १९६६ सालची मराठी विज्ञान परिषद, या सर्वांच्या मुळाशी हीच प्रेरणा आहे.

अलीकडे शासनानेही एक महत्त्वाचे पाऊल उचलले. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि सहा हजार तीनशेहून अधिक संस्था, असा तिचा विस्तार आहे. पूर्वी प्रत्येक संस्था एकेकटी परदेशी प्रकाशकापुढे उभी राही. आता संपूर्ण राष्ट्र एकजुटीने सौदा करते. संघटनेचे सामर्थ्य ते हेच. मात्र या योजनेचा पहिला टप्पा केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील पुष्कळशी महाविद्यालये खाजगी शिक्षण संस्थांनी लोकवर्गणीतून उभी केलेली आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांपर्यंत ही वाट पोहोचली पाहिजे, हा आग्रह आपण धरला पाहिजे. जी योजना राष्ट्राची म्हणविते, तिच्यात शेवटच्या गावाचाही वाटा असावयास हवा.

परकीयांचे दोष दाखविणे सोपे असते. आता थोडे आपल्या अंगणात पाहू. मी अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकविले. माझ्या उमेदीच्या काळात एखादा निबंध हवा असेल तर लेखकाला छापील पोस्टकार्ड पाठवावे लागे, आणि दोन-अडीच महिन्यांनी त्याची प्रत टपालाने येई. ती आली की दिवाळी वाटे. पुढे संगणक आला आणि एक वेगळीच दुकानदारी आली. माझ्या एका विद्यार्थ्याने आपला निबंध एका नियतकालिकाला पाठविला. चौथ्या दिवशी स्वीकृती आली, सोबत पैसे भरण्याची सूचना. कोणी तपासला नाही, कोणी एक शंका विचारली नाही. त्या निबंधातील एका तक्त्यात बेरीज चुकलेली होती, ती तशीच छापली गेली. मला ते सारे ठाऊक असूनही मार्गदर्शक म्हणून मी सही केली, कारण त्याला पदवीसाठी निबंध हवा होता आणि मला माझ्या बढतीसाठी. आजही ते पान आठवले की मान खाली जाते. त्या मुलाने आईचे दागिने गहाण ठेवून शुल्क भरले होते, हे मला नंतर कळले.

असे करणारा मी एकटा नव्हतो. २०१८ साली डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीचे परखड विश्लेषण प्रसिद्ध केले. विद्यापीठांच्या शिफारशीवरून त्या यादीत आलेल्या आणि अन्य कोणत्याही मान्यवर सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. शिफारस करणारी विद्यापीठे आपलीच होती. त्यानंतर आयोगाने नवी, गाळून घेतलेली यादी केली. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली, आणि २०२५ मध्ये ती नवी यादीही बंद करून निवडीचे दायित्व संस्थांवर व विद्वानांवर सोपविले. म्हणजे आता यादीच्या आड लपता येणार नाही. खरे-खोटे आपले आपणच पारखायचे आहे. आपल्याकडे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशी वादाची शिस्त होती. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडायचे, मगच त्याचे खंडन करायचे. आजची निबंध-तपासणी हे त्याच शिस्तीचे रूप आहे. ती टाळून छापलेला निबंध हा संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्याला तर अधिकच लाजिरवाणा वाटला पाहिजे.

तेव्हा आपण काय करावे? शिक्षकांना माझी विनंती आहे, की एका खोट्या निबंधापेक्षा एक खरी नोंदवही श्रेष्ठ माना. सीताफळाच्या झाडावरील रोग, विहिरीच्या पाण्यातील सूक्ष्मजीव, यांच्या पाच वर्षांच्या प्रामाणिक नोंदी कोणत्याही प्रयोगशाळेला उपयोगी पडतील. संस्थाचालकांना विनंती, की कमान आणि प्रवेशद्वार यांच्या आधी एक चांगला सूक्ष्मदर्शक आणि चालू स्थितीतील ग्रंथालय पाहा. दानशूर मंडळींना विनंती, की मंदिराच्या जीर्णोद्धाराला आपण देतोच, तसेच एखाद्या मुलीच्या प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासालाही द्या. २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार आपला देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या केवळ ०.६४ टक्का भाग संशोधनावर खर्च करीत होता. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण समाजाने आपला वाटा उचलल्याखेरीज केवळ शासनाच्या बळावर हे अंतर भरून निघणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. या हंगामात सीताफळ खाल तेव्हा त्याच्या पानाची एक पातळ साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहा. एकमेकींना लागून रचलेल्या पेशी दिसतील. जे दिसेल तेच काढा, जे दिसले नाही ते काढू नका. खाली तारीख घाला, नाव घाला आणि मैत्रिणीला किंवा मित्राला तपासायला द्या. तिला चूक सापडली तर रागावू नका, दुरुस्त करा. विज्ञानाचे प्रकाशन याहून निराळे काही नाही. कमलताईंची वाट याच कुलाच्या झाडापासून सुरू झाली होती. ती घाटनांदूरहूनही सुरू होऊ शकते.



भारत माता की जय!