आधी निदान, मग ठिकाण : पॅराथायरॉइड ग्रंथींचा शोध
(वार्षिक सभेतील प्रशासकीय मनोगत)



आपल्या जालना जिल्ह्यात वारंवार मुतखडा होऊ लागला, की खापर बहुधा बोअरच्या पाण्यावर फुटते. पाणी कमी पिणे हे मुतखड्याचे मोठे कारण आहेच. परंतु काही रुग्णांत मूळ दोष गळ्यात दडलेला असतो. त्याविषयी आज चार शब्द.

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, साधारणतः चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचा तोल राखणे हे त्यांचे कार्य. एखादी ग्रंथी अतिक्रियाशील झाली, की हाडांतील ठेव काढून ती रक्तात ओतते. आम्ही वाणिज्य शाखेचे. मुद्दल खाण्याचा हा प्रकार आम्हांस चटकन उमगतो. भारतात असे रुग्ण पुष्कळदा हाड मोडल्यावरच उजेडात येतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी १९२५ साली ती प्रथम केली. परंतु दोषी ग्रंथी नेमकी कोठे आहे, हे तेव्हा आधी कळत नसे. अमेरिकेतील कॅप्टन चार्ल्स मार्टेल यांची ग्रंथी सातव्या शस्त्रक्रियेत, १९३२ साली, छातीत सापडली!

आज ही शोधाशोध शस्त्रक्रियेपूर्वीच करता येते. गळ्याची सोनोग्राफी स्वस्त व किरणोत्सर्गविरहित आहे. मात्र छातीच्या हाडामागचे तिला दिसत नाही. सेस्टामिबी स्कॅनमध्ये टेक्नेशियमयुक्त औषध शिरेतून देतात. ते थायरॉइडमधून लवकर ओसरते, दोषी ग्रंथीत बहुधा रेंगाळते. म्हणून दोन-तीन तासांनी पुन्हा चित्र घेतात. टेक्नेशियमची शक्ती दर सहा तासांनी निम्मी होते. औषध रुग्णाची वाट पाहत नाही. यास्तव भोकरदन वा मंठ्याहून शहरात जाणाऱ्या कुटुंबाने दिलेली वेळ चुकवू नये. याशिवाय फोर-डी सीटी आणि फ्लुरोकोलिन पेट या तपासण्या अवघड प्रसंगी उपयोगी पडतात. सीटीसाठी रंगद्रव्य द्यावे लागते. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास तसे आधी सांगावे.

ठिकाण निश्चित झाले, तर लहानशा छेदातून एकच ग्रंथी काढता येते. बहुसंख्य रुग्णांत दोष एकाच ग्रंथीत असतो. मात्र एक गोष्ट कुटुंबीयांनी मनावर कोरून ठेवावी : स्कॅन ठिकाण सांगतो, निदान करीत नाही. निदान होते ते रक्तातील कॅल्शियम व पॅराथायरॉइड संप्रेरक तपासून. स्कॅन कोरा आला म्हणून आजार नाही, असे मानून घरी बसू नये. अशा वेळी अनुभवी शल्यविशारद चारही ग्रंथी पाहून दोषी ग्रंथी शोधतात.

म्हणूनच आज आम्ही देणगीदारांपुढे कोट्यवधींच्या यंत्रासाठी झोळी पसरत नाही. ते यंत्र चालविण्यास तज्ज्ञ, परवाने आणि किरणोत्सारी औषधांचा अखंड पुरवठा लागतो. तुरळक रुग्णांसाठी हा भार न्यासाने उचलणे व्यवहार्य नाही. आमची विनंती लहान आहे. वारंवार मुतखडा होणाऱ्या वा किरकोळ धक्क्याने हाड मोडणाऱ्या गरजू रुग्णाची रक्ततपासणी आणि मोठ्या केंद्रापर्यंतचा प्रवास यांसाठी आपण हातभार लावावा. दहा-वीस वर्षांचे दुखणे एका साध्या तपासणीने उलगडू शकते. आपल्या दानाचे याहून चोख चीज कोणते?