बुरशीलाही जात असते

आज बोलायचंय सोयाबीनच्या मुळाबद्दल.

मी कोरपन्याची. घरी कापूस, तूर आणि सोयाबीन. काही वर्षांपूर्वी शेंगा भरायच्या वेळेला आमचं सोयाबीन वाळायला लागलं. दुकानदारानं ‘रोगाला बळी न पडणारं बियाणं’ म्हणून दिलेलं. वरून दोन फवारण्या झाल्या, पैसे गेले, पीकही गेलं. मी तेव्हा वनस्पती रोगशास्त्र शिकत होते. बाबांना म्हटलं, यातली बुरशी नेमकी कोणत्या प्रकारची आहे ते बघावं लागेल. बाबा म्हणाले, “बुरशी ते बुरशी! तिची काय जात असते का?”

असते. तेच आज सांगते.

आमच्याकडे होता चारकोल रॉट, म्हणजे मॅक्रोफोमिना फॅसिओलिना ही बुरशी. नाव अवघड वाटलं तरी ओळख जुनी आहे. ज्वारीचा खडखड्या आठवतो? तो हिचाच. ही पाचशेच्या वर वनस्पतींवर जगते. कापूस, तूर, सोयाबीन सगळं हिला चालतं. म्हणून आपण पीक बदललं तरी हिचं जेवण काही बंद होत नाही. हिच्या काळ्या बारीक गाठी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि पावसाचा खंड पडून जमीन तापली की ही उसळते. पानावर मारलेलं औषध मुळातल्या बुरशीपर्यंत पोचतच नाही.

आता जहाल प्रकार ओळखायचा कसा? प्रयोगशाळेत मुळाचा तुकडा बाहेरून निर्जंतुक करून बटाट्याचा अर्क, साखर आणि अगर घातलेल्या प्लेटमध्ये ठेवतात. काही दिवसांत प्लेट काळी पडते. पण दोन शेतांतल्या बुरशीच्या प्लेटा दिसायला सारख्या असल्या, तरी जोर सारखा असेलच असं नाही. रंग बघून जहालपणा कळत नाही.

त्यासाठी झाडालाच विचारावं लागतं. प्रत्येक शेतातली बुरशी वेगळी वाढवायची आणि त्याच त्या वाणांच्या रोपांना लावायची. सोबत बुरशी न लावलेली रोपंही ठेवायची. कोणती बुरशी किती रोपं मारते, ते मोजायचं. शेवटी मेलेल्या रोपातून तीच बुरशी परत काढून खात्री करायची.

हे शास्त्र पक्कं झालं ते आपल्या ओळखीच्या एका तेलबियावर. अमेरिकेत नॉर्थ डकोटात एच. एच. फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम केलं. जवसातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला बुरशीत जोडीचं जनुक असतं, हे त्यांनी दाखवलं. म्हणून एका प्रकाराला दाद न देणारा वाण दुसऱ्यापुढे मान टाकतो. चारकोल रॉटमध्ये गणित इतकं सरळ नाही, तिथं कमीजास्त जोर मोजावा लागतो. पण धडा तोच: ‘प्रतिकारक’ म्हटलं की विचारायचं, कुठल्या बुरशीपुढं तपासलंय?

आणि हे तपासायला आपल्या शेतातलं झाड तिथं पोचायला हवं. ते काम आपलं.

वाळकं झाड उपटा, खोडाचा बुडखा चिरा. आत राखाडी रंग आणि कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसले, तर चारकोल रॉटचा संशय घ्या. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले, तर ती वेगळी, स्क्लेरोशियम. नुसती पानं पिवळीहिरवी चट्टेदार असतील तर तो बहुतेक मोझॅक. तो विषाणूचा, पांढऱ्या माशीतून येणारा. बुरशीनाशक तिथं वायाच.

पूर्ण मेलेलं झाड नेऊ नका, अर्धवट वाळलेलं मुळासकट न्या. प्लास्टिकमध्ये नको, कागदात गुंडाळा. वर वाण, तारीख आणि आधीचं पीक लिहा. आपल्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र सिंदेवाहीला आहे. कोरपन्याहून ते जिल्ह्याचं दुसरं टोक, मला ठाऊक आहे. म्हणून चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकाला पाठवा.

परवा बाबांचा फोन आला. शेजारच्या काकांचं सोयाबीन वाळतंय म्हणे. बाबांनी त्यांना सांगितलं, “फवारा नंतर मार. आधी मूळ उपटून दाखव.”