जपलेले सापडते कुठे?

(प्रतापनगर, नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



‘अगं, मी ते सेव्ह करून ठेवलंय’, असे आपण दिवसातून चारदा म्हणतो. निकालाची बातमी, कुणा अनोळखी बाईने फेसबुकवर लिहिलेला अनुभव, सगळे सेव्ह होते. गरज पडते त्या दिवशी मात्र सापडत नाही. सल्लाकेंद्रात आलेल्या एका बहिणीने नवऱ्याच्या धमक्या दोन वर्षे फोनमध्ये जपल्या होत्या. दाखव म्हटल्यावर अर्धा तास बोट फिरवत बसली. वाढदिवसाच्या शुभेच्छा, शाळेच्या सूचना, आणि मधेच कुठेतरी धमकी. ज्या सापडल्या त्यांवर ना तारीख ना नंबर. मजकुरापुरताच फोटो तिने कापून ठेवला होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. फोनमधल्या मजकुराची प्रत कोर्टात द्यायची तर कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागते. म्हणून मूळ मेसेज पुसू नका, जमल्यास तो फोनही विकू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख, वेळ दिसू द्या. व्हॉट्सॲपवरचे अख्खे संभाषण ‘एक्सपोर्ट’ करून ईमेलवर ठेवता येते. पण कुणाच्या ईमेलवर? घरात एकच फोन आणि पासवर्ड नवऱ्याला ठाऊक, तिथे जपलेला पुरावाच मार खायचे कारण होतो. मग तो विश्वासातल्या मैत्रिणीकडे किंवा संघटनेकडे ठेवावा, आणि संघटनेने ग्रुपवर फिरवू नये. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. कळवळ्याने फॉरवर्ड केले म्हणून तो माफ होत नाही.

हे झाले एकटीच्या पुराव्याचे. चळवळीच्या आठवणींचेही असेच होते. २० जुलै १९४२ ला याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, कामगार बायकांच्या रजा, असे ठराव झाले. तरी नंतरच्या इतिहासांत या बायका शोधाव्या लागतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघर फिरल्या, थकलेल्या कार्यकर्त्यांना बोलते केले, तेव्हा १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. त्यांना निदान ठोठावायला दारे होती. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि खेड्यापाड्यातल्या बायकांनी शेतात, चुलीपुढे केलेले व्हिडिओ दिसेनासे झाले.

तेव्हा फेसबुक-इन्स्टाग्रामच्या ‘सेव्ह’वर विसंबू नका. तिथे नुसती खूण राहते. लिहिणारीने पोस्ट काढली की आपल्याकडूनही गेली. काढायचा तिला हक्क आहेच. म्हणून तिला विचारूनच मजकूर उतरवून घ्यायचा. त्यासाठी साधी वही करा: कुणी लिहिले, कधी, कुठे, परवानगी आहे का, आणि कशाबद्दल. हे ‘कशाबद्दल’ बायकांच्या बोलीतच लिहा. ‘घरगुती हिंसा’ म्हटले तर दोनशे नोंदी निघतील. ‘पगार काढून घेतो’, ‘माहेरी जाऊ देत नाही’ असे लिहिले तर हवी ती हाती लागेल. मला तर फोनपेक्षा वहीच भरवशाची वाटते.

पुढच्या बैठकीला फोन चार्ज करून आणि दोनशेपानी वही घेऊन या. एकेकीने सेव्ह केलेल्यातल्या दहाच गोष्टी नोंदवायच्या. गुड मॉर्निंगचे फोटो तेवढे घरूनच पुसून या.