नागलीचे मोड आणि बाळाचे पचन



वासोणा परिसरातील वारली व कोकणा कुटुंबांच्या आहारात नागलीला महत्त्वाचे स्थान आहे. तिच्यातील पिष्टाचे शर्करेत विघटन करण्याचे कार्य लाळेतील व स्वादुपिंडातील विकरे करतात. घट्ट पेज बाळाला गिळवत नाही. पाणी वाढविल्यास पोट भरते, परंतु पोषण होत नाही. यावरील उपाय घरातच आहे. मोड येताना नागलीच्या दाण्यातही पिष्ट फोडणारे विकर तयार होते. मोडाची नागली उन्हात वाळवून दळावी. घट्ट पेज शिजवून थोडी निवू द्यावी. उकळत्या पेजेत विकर नष्ट होते. मग त्यात चमचाभर पीठ कालवावे. काही मिनिटांत पेज पातळ होते, सत्त्व मात्र कायम राहते. पुन्हा एक उकळी देऊन, सहा महिने पूर्ण झालेल्या बाळास स्तनपानासोबत ती भरवावी.