गंजलेल्या लेथची दुरुस्ती आणि घरगुती यंत्रशाळा
(केंद्र-संमेलनात शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या संमेलनात हत्यारांची निगा ह्या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली आहे. हत्यारे पुसून, तेल लावून ठेवावीत हे आपणांस मी सांगावयास नको. पण आपल्यापैकी अनेकांच्या शाळांत एक कपाट असे आहे की, ते वर्षानुवर्षे उघडले गेलेले नाही. मूलोद्योगाच्या काळातले रंधे, पटाश्या, गुण्या, कानशी त्यात पडून आहेत. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांची नोंद आहे, आणि एक दिवस निर्लेखनाच्या यादीत जाऊन ती वजनावर विकली जाणार आहेत. ती खरोखर टाकाऊ झाली आहेत काय, हे ठरवावे कसे, येवढाच माझ्यापुढे प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी आपल्याला जरा दूरच्या देशातील एका छंदाची हकिगत सांगणार आहे.

इंग्लंडात घरामागच्या लहानशा खोपटात यंत्रशाळा थाटून वाफेच्या इंजिनांच्या व इतर यंत्रांच्या चालत्या प्रतिकृती तयार करण्याची जुनी परंपरा आहे. ही खेळणी नव्हेत. साडेतीन इंच रुंदीच्या रुळांवरून धावणारे असे इंजिन खरा कोळसा जाळते, खरी वाफ करते आणि मागच्या डब्यावर बसलेल्या मोठ्या माणसाला ओढून नेते. १८९८ च्या जानेवारीत पर्सिव्हल मार्शल ह्या गृहस्थांनी ह्या मंडळींकरिता ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक लंडनमध्ये सुरू केले. ते शंभराहून अधिक वर्षे चालले. त्यात ‘एल. बी. एस. सी.’ अशी एका रेल्वे कंपनीची आद्याक्षरे टोपणनाव म्हणून घेऊन लिहिणारे एक लेखक होते. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी हात काळे करणाऱ्या नवशिक्याला डोळ्यांसमोर ठेवून ते इंजिनाचा एकेक भाग समजावून देत. विद्वत्तेपेक्षा त्यांच्या लेखनात अध्यापकाचा गुण अधिक होता, असे माझे मत आहे.

अशा यंत्रशाळेचा प्राण म्हणजे लेथ. आपल्या गावच्या कातारी लाकूड फिरवून त्यावर हत्यार धरतो, त्याच तत्त्वावर लेथवर धातू फिरतो. फरक येवढाच की, येथे हत्यार हातात नसून बेडवरून सरकणाऱ्या कॅरेजमध्ये घट्ट बसविलेले असते. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथील मायफोर्ड कारखान्याने ‘एम. एल. ७’ ह्या नावाचा एक लहान लेथ काढला. त्याच्या केंद्राची बेडपासूनची उंची साडेतीन इंच आणि दोन केंद्रांमधील अंतर २० इंच. घरगुती यंत्रशाळांत त्याने असे काही घर केले की, ह्या छंदाचे नाव काढले म्हणजे तोच डोळ्यांपुढे यावा. २०११ साली तो जुना कारखाना बंद पडला. छंदी माणूस वारला म्हणजे त्याची यंत्रशाळा मुलाकडे किंवा शेजाऱ्याकडे येते, आणि ह्या नव्या धन्यापुढे तोच प्रश्न उभा राहतो, जो आपल्या कपाटापुढे आपल्याला पडतो.

जाणता माणूस अशा वेळी प्रथम लेथला हात लावीत नाही, तो छप्पर पाहतो. लोखंडाचा खरा शत्रू थेट पडणारे पाणी नसून हवेतील दमटपणा होय. रात्री बिडाचे जड यंत्र थंड होते. सकाळी हवा लवकर तापते, पण लोखंड थंडच राहते, आणि उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्यावर जसा घाम येतो तसे दव त्यावर साचते. त्याने गंज धरतो. म्हणून प्रथम गळती बंद करावयाची, जमिनीची ओल अडवावयाची, आणि मग यंत्राकडे वळावयाचे. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, मृगापासून तीन महिने हीच स्थिती असते. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवणे, हे त्यावरचे बिनखर्चाचे औषध आहे. घामट हाताने धरलेल्या कानशीवर आठ दिवसांत बोटांचे ठसे तांबड्या रंगात उमटतात, हेही मुलांना दाखविण्याजोगे आहे.

गंज काढण्याच्या कामी एमरी कागदाची घाई करू नये. कागद गंजाबरोबर धातूही खातो, आणि ज्या पृष्ठभागावर मोजमाप अवलंबून आहे तो एकदा घासला गेला की परत येत नाही. वरवरच्या गंजाला रॉकेल किंवा डिझेल लावून पितळी तारेचा ब्रश पुरतो. खोल गंजाला विजेची रीत आहे. प्लास्टिकच्या बादलीत दर लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा घालावा. गंजलेले हत्यार बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, आणि साध्या लोखंडाचा निरुपयोगी तुकडा धन टोकाला जोडावा. दोहोंचा एकमेकांस स्पर्श होऊ देऊ नये. काही तासांत गंज सैल होऊन साध्या ब्रशाने निघतो व खालच्या लोखंडाला इजा होत नाही. मात्र ह्यात हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा काम उघड्यावर करावे आणि जवळ विस्तव आणू नये. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचे भांडे कधीही लावू नये. त्यातील क्रोमियममुळे पाणी विषारी होते. अॅल्युमिनिअमच्या वा जस्त चढविलेल्या वस्तू ह्या पाण्यात घालू नयेत. हे काम शिक्षकाने स्वतः करावे. मुलांनी दुरून पाहावे.

आता लेथकडे येऊ. येथे नवशिक्याची पहिली ऊर्मी असते ती सारे यंत्र खोलून, धुऊन, रंगवून काढण्याची. रंग लावलेले यंत्र छान दिसते, पण दुरुस्ती आणि रंगकाम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोलण्यापूर्वी मोजावे, हा ह्या विद्येतील पहिला नियम होय. कारण झीज कोठे व किती आहे हे जोडलेले यंत्रच सांगू शकते. फिरणाऱ्या दांड्याला डायल गेज लावून दांडा उचलून पाहिला की बेअरिंगमधील सैलपणा कळतो. एम. एल. ७ मध्ये दांडा पांढऱ्या धातूच्या बेअरिंगांत फिरतो, आणि वरच्या टोपणाखाली पातळ पापुद्र्यांची पट्टी असते. झीज झाली की एकेक पापुद्रा सोलून टोपण तितके खाली आणता येते. यंत्र करणाऱ्याने झिजेची तजवीज आधीच करून ठेवलेली होती. ती ज्याला ठाऊक नाही तो ते बेअरिंग टाकाऊ ठरवितो.

बेडची झीज ह्याहून बोधप्रद आहे. बहुतेक काम चकच्या जवळ होत असल्याने बेड तेवढ्याच भागात अधिक झिजतो. कॅरेज तेथे घट्ट केली की दुसऱ्या टोकाला अडकते, आणि तिकडे मोकळी केली की इकडे डुलते. जुन्या एम. एल. ७ मध्ये कॅरेजला दिशा देण्याचे काम पुढच्या पट्टीच्या दोन कडा करीत. मागच्या पट्टीची बाहेरची कड त्या कामातून सुटलेली, म्हणून जवळजवळ कोरी राहिलेली असे. कुशल मंडळींनी ही गोष्ट हेरली. पुढच्या पट्टीच्या आतल्या, झिजलेल्या कडेवरचा भार काढून त्यांनी कॅरेजला एक पट्टी बसविली व तो भार मागच्या कोऱ्या कडेवर आणला. बेड घासावा लागला नाही, कारखान्यात पाठवावा लागला नाही, आणि लेथ पुन्हा सरळ चालू लागला. मला ही युक्ती फार आवडते. झिजलेल्या वस्तूत न झिजलेला भाग कोणता, हे आधी पाहावे येवढेच त्यात आहे.

पण ‘सरळ’ आणि ‘सपाट’ म्हणजे काय, हे ठरविणार कोण? पट्टीने सपाटी पाहावी, तर पट्टी सरळ आहे हे कशावरून? येथे आपण ह्या विषयाच्या गाभ्याशी येतो. लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात सपाट पृष्ठांवर मोठा कटाक्ष असे. मॉडस्ले यांनी स्वतःसाठी केलेल्या सूक्ष्ममापकाला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत, कारण मापाच्या वादात शेवटचा निवाडा त्याचा! त्याच कारखान्यात काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगो येथील विद्वत्सभेत सपाट पृष्ठ तयार करण्याची रीत मांडली. तिला कोणतेही आधीचे प्रमाण लागत नाही. लागतात फक्त तीन पाटे.

समजा, पहिला व दुसरा पाटा एकमेकांशी जुळेपर्यंत घासले. ते जुळले म्हणून सपाट झाले काय? नाही. एक फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असला तरीही ते जुळतील. आता तिसरा पाटा पहिल्याशी जुळवा. पहिला फुगीर असेल तर तिसराही खोलगट होईल. मग दुसरा आणि तिसरा एकमेकांवर ठेवा. दोन्ही खोलगट असल्याने ते फक्त कडांवर टेकतील, आणि लबाडी उघडी पडेल. आळीपाळीने जोड्या बदलीत, आणि प्रत्येक वेळी पाटा पाव वर्तुळाने फिरवीत गेले की, तिन्ही पाटे कोणत्याही जोडीत जुळण्याची एकच अवस्था उरते आणि ती म्हणजे सपाटी. धातूवर हे काम निळा रंग लावून, उंच डाग दिसतील तेवढेच खरवडणीने काढून करतात. दोघांची साक्ष जुळली तरी ती खोटी असू शकते, तिघांची प्रत्येकाशी जुळावी लागते. भूमितीचा असा पाठ मला क्रमिक पुस्तकात आढळलेला नाही.

गणिताच्या शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. लेथवर आटे पाडताना दांडा व मळसूत्र ह्यांना दंतचक्रांनी जोडतात. ह्या लेथच्या मळसूत्राला इंचात ८ आटे असतात. आपल्याला इंचात २० आटे हवे असतील, तर दांडा २० फेरे फिरेल तेव्हा मळसूत्र ८ फिरले पाहिजे. ८ छेद २० म्हणजे २ छेद ५. तेव्हा २० दातांचे चक्र चालविणारे आणि ५० दातांचे चालणारे. अपूर्णांकाला संक्षेप का द्यावा, ह्याचे उत्तर येथे हातात धरता येते. दीड मिलिमीटरचा आटा हवा असेल तर? १९५९ साली झालेल्या करारानुसार इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर; हिशेब केला की गुणोत्तर ६० छेद १२७ येते. १२७ ही मूळ संख्या असल्याने तिला संक्षेप नाही, म्हणून १२७ दातांचे एक वेगळे चक्रच करावे लागते. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. इंचाच्या जुन्या यंत्रांवर मिलिमीटरची कामे निघू लागली, की हेच चक्र उपयोगी पडते.

साहित्य घेण्याविषयी थोडक्यात सांगतो. प्रथम जड, न हलणारे बाक व त्यावर चांगला व्हाइस, मग दोन-तीन कानशी, हॅकसॉ, गुण्या, कंपास, पोलादी पट्टी, त्यानंतर ड्रिल. लेथ सर्वांत शेवटी. जुनी विजेची मोटर असेल तर अर्थिंग व तारा जाणत्या वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय बटण दाबू नये. चालत्या लेथजवळ पदर, उपरणे, सैल बाही व बांगड्या नकोत, आणि चकची किल्ली चकमध्ये राहू देऊ नये. ह्यात सवलत नाही. प्राथमिक शाळेत लेथ असावा असे मी मुळीच म्हणत नाही.

हे सारे परक्यांचे कौतुक आहे असे कोणास वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. १८८८ साली बेळगावात सुरू झालेल्या सायकलींच्या लहानशा दुकानातून त्यांचा उद्योग वाढला आणि पुढे लोखंडी नांगरापर्यंत व १९१० साली किर्लोस्करवाडीपर्यंत गेला. शिक्षकाच्या हातांना हत्यारे परकी नाहीत.

तेव्हा कपाटाकडे वळू. निर्लेखनाची यादी करण्यापूर्वी प्रत्येक हत्याराची परीक्षा घ्यावी अशी माझी विनंती आहे. गुण्याची परीक्षा गुण्यानेच होते. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ ओढावी, तो पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही एक झाल्या तर गुण्या खरा; फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. पाणसळ टोकाकडून टोकाकडे फिरवावी. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूला तितकाच सरकला तर जमीन कलती आहे, विरुद्ध बाजूंना सरकला तर दोष पाणसळीत आहे. रंध्याचे पाते गंजलेले असले तरी धार लावता येते. पण बूड वाकलेले असेल तर ते आधी पाहावे. हे काम पाचवी ते सातवीच्या मुलांकडून करवून घ्यावे, आणि निकाल त्यांच्याच अक्षरात लिहून यादीला जोडावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविलेले आहेत. त्यांपैकी दोन दिवस ह्या कपाटासाठी काढता येतील. परीक्षेनंतर जे खरोखर निकामी ठरेल ते खुशाल यादीत घालावे.

येथे टेबलावर शहाबादी फरशीचे वीतभराचे तीन तुकडे, बारीक चाळलेली वाळू आणि पाण्याची बादली ठेवली आहे. तुकड्यांवर एक, दोन, तीन असे आकडे खडूने नव्हे तर खिळ्याने कोरले आहेत, कारण खडू पाण्याने धुऊन जातो. मधल्या सुटीनंतर तिघा-तिघांच्या गटांनी ते आळीपाळीने घासून पाहावेत. जोडी बदलण्यापूर्वी फरशी धुऊन घ्यावी. वाळूचा एक जाड कण राहिला तरी ओरखडा पडतो आणि मग तो भाग पुन्हा पहिल्यापासून घासावा लागतो.